शंभरावा दिवस, पेन्सिलीने

ठर्रर्र! कॉफीच्या बशीत ठेवलेला फोन चमच्यासकट थरथरला आणि पहाटे पाचची शांतता फुटली.

ही माझी हक्काची वेळ. पाच ते साडेसहा. नवरा आणि पाच वर्षांची विनी झोपलेली असतात, आणि या दीड तासाच्या तुकड्यातुकड्यांत मी दोन वर्षं शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा अभ्यास करते आहे. पदवीबरोबर शिक्षकाचा परवानाही मिळतो. म्हणजे, मिळणार होता.

फोनवर शाळेचा निरोप होता: ‘जोरदार बर्फ. आज मंगळवारी शाळा बंद.’

“वा! उद्याचा वेष शिवायला अख्खा दिवस मिळाला!” मी म्हटलं.

गॅरेट डोळे चोळत आला. माझा नवरा नगरपालिकेचा बर्फ सारायचा ट्रक चालवतो, त्यामुळे व्हरमाँटमध्ये बर्फ पडला की सगळ्या गावाला सुट्टी आणि त्याला डबल ड्यूटी.

“चांगला संसार आहे!” उभ्याउभ्या माझीच कॉफी पिऊन तो गेला.

आता एक सांगते. मोजण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय! अकरा वर्षं मी विमा कंपनीत होते. कोण माणूस साधारण किती वर्षं जगेल, हे काढायचं माझं काम. पगार उत्तम, खुर्ची फिरती. पण एक दिवस विनीच्या बालवाडीत मुलांना विचारलं, आई काय काम करते? कुणाची आई केक करत होती, कुणाची दात काढत होती. विनी उठून म्हणाली, “माझी आई लोक कधी मरणार ते सांगते.” पुढचा आठवडाभर बालवाडीतल्या मुलांच्या आया मला बघून रस्ता ओलांडत होत्या! त्याच महिन्यात मी कॉलेजचा फॉर्म भरला.

तर चौतिसाव्या वर्षी मी छात्राध्यापिका. दुसरीचा वर्ग, बावीस मुलं, आणि मार्गदर्शक म्हणून पेल्कीबाई. पेल्कीबाई जूनमध्ये निवृत्त होणार आणि त्यांची खोली मला मिळायची शक्यता होती. मधे फक्त एकच गोष्ट उरली होती, शेवटचं पाठनिरीक्षण. बुधवारी कॉलेजच्या ऑस्ट्रँडरबाई येणार, मागे बसून माझा पाठ बघणार आणि सही करणार. सही नाही झाली, तर छात्रसेवेचं पूर्ण वर्ष पुन्हा पहिल्यापासून!

आणि मी बुधवारच निवडला होता, कारण तो होता या वर्षी शाळा भरल्याचा शंभरावा दिवस. आमच्याकडे लहान मुलांचा तो सणच. मुलं शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यांचा वेष करून येतात आणि कसल्या ना कसल्या शंभर वस्तू आणतात. गणिताच्या पाठाला याहून चांगला मुहूर्त कुठला?

सोमवारी मी पालकांना पत्र काढलं. ‘शंभरावा दिवस: बुधवार.’ छापील, ठळक, खाली दोन रेघा.

“तारीख पेन्सिलीने लिही गं,” पेल्कीबाई म्हणाल्या.

“कशाला बाई? तीनदा मोजलंय मी.”

“फेब्रुवारी आहे, पोरी.”

“अहो, अकरा वर्षं मी आकडेमोड केली आहे!”

“तुझी मर्जी. या आठवड्यात वर्ग तुझ्या ताब्यात, मी तोंड उघडणार नाही.” आणि त्या विणायला लागल्या.

बुधवारी मी पांढऱ्या केसांचा टोप घातला, फुलाफुलांचा घरगुती झगा, जाड मोजे, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात सासूबाईंचा वॉकर. आरशात बघून स्वतःलाच रस्त्याच्या पलीकडे सोडावंसं वाटलं!

माझी मुलंही काय सजून आली होती! मेव्हच्या आजीने पहाटे उठून तिच्या केसांना पन्नास पिना लावलेल्या. लायनस शंभर वर्षांचा म्हणून बाकावर बसल्याबरोबर झोपला. सायलसने मॅपलच्या पाकाच्या बाटल्यांची शंभर झाकणं आणली होती, शिवाय पणजोबांचा कवळी ठेवायचा डबा.

“रिकामा आहे ना रे?” मी विचारलं.

“बहुतेक,” सायलस म्हणाला.

दार उघडलं. पांढरेशुभ्र केस, खांद्यावर शाल, हातात काठी. ऑस्ट्रँडरबाई! लायनस खडबडून जागा झाला.

“तुमच्या सुरकुत्या सगळ्यांत भारी! कशाने काढल्या?”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाई शांतपणे खुर्चीत टेकल्या. “एकाहत्तर वर्षं लागली त्यांना.”

“मग अजून एकोणतीस कमी आहेत,” लायनस म्हणाला.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. वजाबाकी तर बरोबर होती! मी जरा सावरले.

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. मुख्याध्यापकांच्या रोजच्या सूचना. “सुप्रभात! आज शाळेचा नव्व्याण्णवावा दिवस. उद्या शंभरावा. म्हाताऱ्यांचा वेष करायला विसरू नका!”

कुणाची तरी काठी खाली पडली. बावीस पांढरी डोकी माझ्याकडे वळली. पेल्कीबाईंच्या सुया थांबल्या.

मंगळवार! मंगळवारी शाळा भरलीच नव्हती! दिवस झाला, पण मोजला गेला नाही. मोजला तो फक्त मी!

“बाई, तुम्ही चुकलात?” मेव्हने विचारलं. तिचे डोळे भरले होते. “आजी पाचला उठली होती.”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा घणघणली. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याचा सराव! तोही मंगळवारचा, बर्फामुळे बुधवारी आलेला. शाळेतलं सगळं एक दिवस पुढे सरकलं होतं, सरकली नव्हती ती एकटी मी.

कोट घालून आम्ही बाहेर निघालो. अख्खी शाळा नेहमीच्या कपड्यांत रांगेत उभी, आणि मधून आमची वरात. वॉकर, काठ्या, कापसाच्या मिश्या, पुढे मी, मागे खऱ्या काठीवाल्या ऑस्ट्रँडरबाई. पाचवीची मुलं हसून हसून बर्फात बसली!

रस्त्यावर एक भलामोठा ट्रक करकचून थांबला. काच खाली आली.

“आजी, जरा मागे सरका हं, बर्फ उडेल अंगावर! कुठल्या वृद्धाश्रमाला आग लागली?”

“गॅरेट, मी आहे!”

तो टकमक बघत राहिला. “कोरिन? अगं, आज कशाला नटलीस? काल शाळा बंद नव्हती का?”

सुट्टीचा निरोप वाचला मी, आणि हिशोब कळला नवऱ्याला! ऑस्ट्रँडरबाईंनी हातमोजा काढला, वही उघडली आणि बर्फात उभ्या राहून अर्धं पान लिहिलं.

वर्गात परत आलो. माझं टाचण टेबलावर पडलं होतं, ‘दहा दहांचे शंभर’. मी टोप काढला.

“मेव्ह, मी चुकले,” मी म्हटलं. “काल आपण आलोच नाही, तरी मी कालचा दिवस धरला. पत्र लिहिताना पेल्कीबाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

सायलस आपल्या झाकणांकडे बघत होता. “म्हणजे माझ्याकडे एक जास्त आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं. टाचण उचलून खणात टाकलं.

“मग काढ बाजूला! सगळ्यांनी एकेक बाजूला काढा. आता दहादहाचे ढीग करा. किती ढीग होतात?”

“नऊ!” “माझे पण नऊ!” “बाई, माझा शेवटचा पूर्ण होत नाहीये!”

“त्या शेवटच्यात किती आहेत?”

“नऊ!”

दहाचा ढीग अपुरा राहिलेला बघून मुलं अशी अस्वस्थ झाली की विचारू नका! बावीस मुलांनी आपापली जादा वस्तू माझ्या टेबलावर आणून ठेवली. एक बटण, एक झाकण, एक गोटी, एक मक्याची लाही (ती लायनसने वाटेत खाल्ली आणि दुसरी आणली). उद्या येऊन ती परत घ्यायची आणि ढीग पुरा करायचा, असं ठरलं.

“म्हणजे आज मी नव्व्याण्णव वर्षांची?” मेव्हने विचारलं.

“हो.”

तिने केसांतली एक पिन काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “मग उद्या आम्हा सगळ्यांचा वाढदिवस!” असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातून भिंत ठोकली!

मुलं जेवायला गेल्यावर ऑस्ट्रँडरबाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘वर्गावर पकड: उत्तम. प्रसंगावधान: उत्तम. सुधारणेस वाव: मोजणी.’ आणि खाली, वळणदार अक्षरात, सही!

मी रडले की हसले, आठवत नाही. पेल्कीबाई उठल्या, खिशातून एक पेन्सिल काढली आणि न बोलता माझ्या हातात दिली. मागे खोडरबर होता, जवळजवळ संपत आलेला.

गुरुवारी पहाटे पाच. ठर्रर्र! ‘जोरदार बर्फ. आज शाळा बंद.’ बिचारी बावीस पोरं आणखी एक दिवस नव्व्याण्णव वर्षांची!

या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारी ‘शंभर’ लिहिलं. पेन्सिलीने.

फोनच्या आवाजाने विनी उठून आली. माझा पांढरा टोप डोक्यावर घालून, अर्धवट झोपेत माझ्या मांडीवर चढली.

“आई, तू खरंच शंभर वर्षांची होशील तेव्हा मी किती असेन?”

“एकाहत्तर,” मी क्षणात म्हटलं. अकरा वर्षांचा अनुभव आहे शेवटी!

ती विचारात पडली. टोप डोळ्यांवर आला, तो तिने वर सारला.

“मग तेव्हा कोण कुणाच्या मांडीवर बसायचं?”