हसायचं नाही, देवरे सर फोटो काढताहेत

लहान मुलाला कोणी ‘हस रे बाळा’ म्हणालं की आमचे देवरे सर भांडायला उठतात. मागे इमारतीत एक बारसं होतं. फोटोग्राफर खुळखुळा वाजवून बाळापुढे ‘हस हस’ करायला लागला, तशी सरांनी हातातली पेढ्याची वाटी खाली ठेवली आणि त्याला विचारलं, ‘‘तुम्हाला रस्त्यात अडवून कोणी हस म्हणालं, तर हसाल का?’’ तो बिचारा पुढचा सगळा कार्यक्रम गंभीर चेहऱ्याने उरकून गेला.

सर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाले, त्यांच्या बाई वारल्या, मुलगा परदेशात. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण भडकले की थेट अहिराणीत उतरतात. आमच्या मल्हारचा स्टुडिओत काढलेला फोटो मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवायला नेला. कोट, बो, गालाखाली हात. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, ‘‘हाई काय शे? हाई तं आधार कार्ड शे!’’

मी खट्टू झालेली पाहून बहुधा त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की इमारतीतल्या चारही चिल्ल्यापिल्ल्यांची ते रंगीत चित्रं काढणार आणि खालच्या जिन्याच्या भिंतीवर लावणार. पोरं काही चित्रासाठी तासन्‌तास बसत नाहीत, म्हणून आधी फोटो, मग त्यावरून चित्र. फुकट. अट एकच. सगळ्यांची, नाहीतर एकाचंही नाही. ‘‘एकाचं लावलं, एकाचं नाही, असं मी वर्गात कधी केलं नाही. इथेही करणार नाही,’’ ते म्हणाले. मदतनीस म्हणून मला धरलं. समोर राहते, एवढाच माझा गुन्हा.

सरांची पद्धत मात्र अजब. ‘‘पोराचा खरा चेहरा एकदाच दिसतो, ताई. ज्याची ते वाट बघतंय, तो दारात आला की.’’ त्यामुळे नवे कपडे बंद, पावडर बंद, काजळ बंद, आणि घरोघरी जाऊन एकच प्रश्न. तुमचं पोरगं कोणाची वाट बघतं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावरून आमच्या इमारतीत चांगली धुसफूस झाली. प्रत्येक बापाने छातीठोकपणे ‘माझी’ म्हणून सांगितलं. आमच्याकडेही सांगितलं. सरांनी खात्रीसाठी मल्हारला विचारलं. तो म्हणाला, ‘‘घंटागाडी.’’

नवरा टॉवेल उचलून आंघोळीला गेला. सरांनी मात्र कचरा न्यायला येणाऱ्या त्या गाडीच्या ड्रायव्हरशी रीतसर बोलणी केली, गाडी गाणं वाजवत आमच्या खिडकीखाली उभी करायला लावली आणि बनियनवरच्या मल्हारचा फोटो काढला. त्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते माझ्याकडे बघताना मी अजून पाहिलेलं नाही. हे मी रागाने नाही, माहिती म्हणून सांगते. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, ‘‘किती भक्तिभाव आहे गं! देवळात काढलाय का?’’

विहानच्या आईने ‘माझीच’ म्हणून बजावलं होतं. ती ऑफिसातून आली, तेव्हा विहानचे डोळे खरोखर चमकले, पण ते तिच्या पर्सवर होते. त्यात खाऊ असतो. सर म्हणाले, ‘‘चालेल. भावना खरी आहे.’’

अन्वीसाठी निफाडहून तिच्या आबांना बोलावलं. द्राक्षांची पेटी घेऊन आबा दारात आले, तर सरांचं कॅमेऱ्याचं झाकणच काढायचं राहिलेलं. ‘‘आबा, जरा बाहेर जाऊन परत या.’’ पुढच्या वेळी माझाच हात मध्ये आला. पुन्हा आबा बाहेर, पुन्हा आत. शेवटी अन्वी कंटाळून म्हणाली, ‘‘आबा, तुम्ही आता जा.’’

आबा तापले. ‘‘सर, लय झालं हां! मी काय येड्यावानी आत-बाहेर करत बसू? फोटो काढायचा नाय तर मी चाललो बागेकडं.’’ सरांनी त्यांना नाक्यावर चहा प्यायला पाठवलं आणि अन्वी त्यांना विसरून खेळायला लागेपर्यंत थांबायला लावलं. मग मात्र फोटो असा आला, की आबांनी तो मोबाईलवर मागून घेतला आणि जाताना अख्ख्या इमारतीला द्राक्षं वाटली.

राहिली झोया. तळमजल्यावरच्या शेखांची, अडीच-तीन वर्षांची. तिच्या वडिलांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. ‘माझी’ म्हणाले, म्हणून दुकान लवकर बंद करून आले. झोयाने ‘अब्बू’ म्हणून मान वर केली आणि परत बिस्किटात डोकं घातलं. मग मालेगावहून नानी आली. झोयाने तिला अदबीने बाहुली दाखवली, बस्स. एक मांजरही आणून पाहिलं.

सर जिन्यात बसले. ‘‘जाऊ द्या ताई. तिचं नाही, तर कोणाचंच नाही.’’

सगळ्या सासरी मी मल्हारच्या चित्राची दवंडी पिटून बसले होते. पण सरांचा पडलेला चेहरा बघून मी त्यांच्यासाठी चहा टाकायला गेले.

संध्याकाळी झोयाच्या आईने, शबानाने, मला हळूच बाजूला घेतलं. ‘‘दीदी, ह्यांच्यासमोर कसं सांगू? त्यांना किती वाईट वाटलं असतं. झोया वाट बघते ती देवरे सरांची.’’

‘‘काय?’’

‘‘रोज! सर भाजी घेऊन येतात ना, त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रिल धरून उभी असते. खाना दो, तो भी नहीं आती. सर आले, ‘काय गं चिमणे’ म्हणाले, की झालं. मग आत येते, जेवते.’’

मी धावत वर जाऊन सरांना सांगितलं. ‘‘माझी? कशाला?’’

अगदी मनापासून विचारलं हो त्यांनी. मग म्हणाले, ‘‘ती तर तिथे असतेच नेहमी.’’ सर फाटकातून यायचे तेव्हा पोरगी ग्रिलला असायचीच. किती वेळची उभी आहे, हे त्यांना कुठून कळणार?

आता सरांना स्वतःच फाटकातून यायचं होतं, म्हणजे फोटो मला काढावा लागणार. दुसऱ्या दिवशी दुपारभर त्यांनी मला कॅमेरा शिकवला. मग बाजारात जायला निघाले, तर अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, आणि मानेवर पावडर.

‘‘सर, पावडर?’’

‘‘तुम्ही कॅमेऱ्याकडे लक्ष द्या.’’

मी अंगणात, ग्रिलच्या एका बाजूला उभी राहिले. झोया गजांना कपाळ टेकवून उभी होती. फाटक वाजलं. ती टाचा उचलून उंच झाली, तोंड उघडलं आणि काय बोलायचं तेच विसरली. मी बटण दाबलं. सर फाटकातच थांबले होते. रोज ते खाली बघत, खड्डे चुकवत यायचे. आज समोर बघत होते. ‘काय गं चिमणे’ म्हणायचं त्यांना सुचेना. शेवटी झोयाच ओरडली, ‘‘सऽऽल!’’

कॅमेऱ्यातला फोटो त्यांनी फार वेळ पाहिला. ‘‘ही रोज अशी बघते?’’

‘‘रोज, सर,’’ शबाना म्हणाली.

सर चष्मा पुसत बसले. बाई गेल्यापासून हा माणूस रोज स्वतःच कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरतो, हे समोर राहून मी बघत आले होते. त्यात काही बघण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

चारही चित्रं आता जिन्यात लागली आहेत. परवा संध्याकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात सर भेटले. पूर्वी ते बाजारात भेटले, की ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून गप्पा मारायचे, चहाला नाही म्हणणं त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘‘चला सर, चहा घेऊ.’’

‘‘छे छे, नको हो ताई. घरी वाट बघत असतील,’’ भरल्या घरातल्या माणसासारखे जरासे वैतागून सर म्हणाले, आणि मेथीची जुडी काखोटीला मारून रिक्षांच्या गर्दीतून झपाझप निघून गेले.