ऑकलंडची हळद आणि महाप्याचं घड्याळ

अगं हेतल, तू आधी फक्त ऐक! मध्ये बोलू नकोस. अंकुरचं काय झालंय ते ऐकलंस तर हातातला चहा थंड होईल तुझा.

तर अंकुर. आपला करावे गावातला, महाप्याच्या कॉल सेंटरला अमेरिकेच्या शिफ्टमध्ये कॉल घेतो तो. दिवसा झोपायचं सोडून तो काय करतो माहितेय? 'दर्याची लेकरं' चालवतो! म्हणजे उरणपासून ऐरोलीपर्यंतची आपली गावची माणसं जगभर जिथे कुठे गेलीत ना, कोणी जहाजावर, कोणी दुबईत, कोणी लंडनला, त्या सगळ्यांचा ऑनलाइन ग्रुप. दोनशे माणसं! दर महिन्याला काहीतरी कार्यक्रम. आणि कुठल्या देशात किती वाजता लिंक उघडायची हे ठरवायचं काम अंकुरचं.

"टाइम झोन?" तो कॉलर ताठ करून म्हणायचा. "माझ्या डाव्या हातचा मळ! मला झोपेतून उठवून विचारा, सिंगापूरला किती वाजले!"

खरंच विचारायचे लोक. आणि तो खरंच सांगायचा. कारण बहुतेक वेळा तो झोपलेलाच असायचा.

आता गल्लीतल्या बाळाबाई तुला माहीत असतील. नसतील? अगं, धवलारीण! आगऱ्यांच्या लग्नात हळद लागताना धवले गातात ना, ते गाणाऱ्या. पंचक्रोशीत असा नवरा नाही ज्याची हळद बाळाबाईंच्या आवाजाशिवाय लागली. आणि त्यांचा सख्खा नातू हितेश, त्याचंच लग्न ऑकलंडला! हितेशची आई सरस्वती, म्हणजे बाळाबाईंची लेक सरू, तिकडेच राहते. बाळाबाईंचे गुडघे म्हणजे जुन्या दाराच्या बिजागऱ्या, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. म्हातारी आतून तुटली होती गं. "अख्ख्या गावाला हलद लावली मी, आन माज्या नातवाला काय मुकीच लागनार?"

अंकुरने छातीवर हात मारला. "बाळाआजी, टेन्शन नको! तू इथे ओटीवर बसून गायचं, तिकडे ऑकलंडच्या हॉलमध्ये हळद लागणार, आणि अख्खा ग्रुप बघणार. लाइव्ह!"

"बरोबर टायमाला होईल ना रं?"

"आजी! मी आहे ना!"

ऑक्टोबरमध्येच त्याने नोव्हेंबरातल्या हळदीचा हिशोब करून ग्रुपवर टाकला. ऑकलंड संध्याकाळी सात, आपल्याकडे सकाळी साडेअकरा, दुबई दहा, लंडन पहाटे सहा. अगदी बरोबर होता हं हा हिशोब! तसाच ठेवला असता तर आज मी तुला ही गोष्ट सांगत बसले नसते.

पण नोव्हेंबर आला, आणि अंकुरच्या ऑफिसची कॅब एक तास उशिरा यायला लागली.

आता महाप्याच्या पोरांचं कसं असतं, त्यांना पंचांग लागत नाही. कॅबचा टाइम बदलला की ओळखायचं, तिकडे थंडी आली, घड्याळं तासभर मागे गेली. दरवर्षीचं आहे ते. अंकुर कॅबमध्ये बसला आणि त्याला एकदम घाम फुटला. बाप रे! घड्याळं मागे गेली! हळदीचा टाइम चुकणार!

अगं, अमेरिकेची घड्याळं मागे गेली होती. ऑकलंडचा काय संबंध? ते खाली दक्षिणेला, तिकडे तर उन्हाळा येत होता, त्यांनी सप्टेंबरातच घड्याळ पुढे करून ठेवलं होतं. पण अंकुरच्या डोक्यात परदेश म्हणजे एकच मोठा देश आणि त्याची एकच कॅब!

त्याने तिथूनच मेसेज ठोकला. "महत्त्वाचं! परदेशातली घड्याळं बदलली आहेत! सुधारित वेळ: भारत साडेबारा, दुबई अकरा, लंडन सात." ऑकलंडची ओळ मात्र तीच, संध्याकाळी सात. माणूस स्वतःच्या देशाची ओळ वाचतो आणि बाकीचं सोडून देतो. त्यामुळे ऑकलंडवाल्यांनी सात वाचलं आणि अंगठा दाखवला. लंडनच्या चंदाताईंनी तर बदाम पाठवले. तासभर जास्त झोप मिळाली ना!

"अंकुर, तू नसतास तर आमचं काय झालं असतं!" सगळ्यांनी लिहिलं.

हळदीच्या दिवशी बघायचं होतंस त्याला. बाळाबाईंच्या ओटीवर स्टँड, लाइट, माइक, नुसती वायरींची जाळी पडलेली! म्हातारी सकाळपासून हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून बसलेली. शेजारी तिच्या साथीला चांगुणाबाई. आत वडे तळले जात होते, कोंबडी शिजत होती. नातवाची हळद म्हणजे गल्लीला जेवण घातलंच पाहिजे!

साडेअकराला बाळाबाईंचा फोन वाजला. सरू!

अंकुरने फोन कट केला.

"कोन होती रं? सरू ना? बोलू दे जरा मना."

"नको आजी! बोलून आवाज वाया जाईल. कोमट पाणी पी. ती उगाच घाबरलीय, अजून तास आहे."

पुन्हा वाजला. त्याने फोन सायलेंटवर टाकून खिशात घातला! मग त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर सरूताईचा मेसेज आला. "अंकुर, आम्ही वाट बघतोय रे."

त्याने लिहिलं, "बघा बघा! वाट बघण्यातच खरी मजा!"

"हॉलवाला घाई करतोय."

"त्याला सांगा, कार्यक्रम एकदम वेळेवर!"

"आईला काही झालंय का? फोन का उचलत नाही?"

"आजी टकाटक! सरप्राइज आहे!"

आणि आता लॅपटॉप. लिंकवर यायला आधी बाहेर थांबावं लागतं ना, तिथे माणसं जमायला लागली. सरस्वती. हितेश. ऑकलंड हॉल. नवरीकडची मंडळी. अंकुरचा ऊर भरून आला! "बघ आजी, आपल्या लोकांचं प्रेम! तासभर आधीच रांग लावून उभे!"

"मंग घे ना रं त्यांना आत. भायेर कशाला उभी केलीस पाव्हन्यांना?"

"आजी, शिस्त पाहिजे. एकदा सोडलं की गोंधळ होतो."

पाहुण्यांना त्याने दारात उभं ठेवलं, हेतल! ज्यांच्या घरची हळद, त्यांनाच! वर त्यांच्यासाठी पाटी लावली, 'कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल.' थोड्या वेळाने ती नावं एकेक करून गळायला लागली. अंकुर म्हणाला, "चहाला गेले असतील."

बरोबर साडेबाराला त्याने हात वर केला, "आजी, रेडी?" म्हातारीने डोळे मिटले, कानावर हात ठेवला, श्वास घेतला. अंकुरने ऐटीत दार उघडलं.

आणि धबाधब माणसं आत आली! दुबई! सिंगापूर! लंडनहून चंदाताई सकाळी सातला पिवळी साडी नेसून! "नमस्कार! नमस्कार! सुरू झालं का?"

मधल्या चौकोनात ऑकलंड. तिथे एक गोरा बाप्या खुर्च्या एकावर एक रचत होता. त्याच्यामागे हितेश उभा, ओले केस, टीशर्ट, खांद्यावर टॉवेल.

बाळाबाईंनी डोळे उघडले. "हितेश? बाला, हलद नाय लागली आजून?"

"लागली आजी," तो बिचारा हळूच म्हणाला. "धुतली पण."

आतल्या कढईची चर्रचर्र तेवढी माइकने पकडली!

मग सरूताईचा चेहरा आला. डोळे सुजलेले. "आई, यायचं नव्हतं तर आधी सांगायचंस गं! किती फोन केले! हॉल आठपर्यंतच, किती वेळ थांबवणार पोराला? शेवटी मुकीच लावली हळद."

"मी सकालपासून बसलीय हितं! तुजाच जीव थांबला नाय! माज्यासाठी थांबली नायस तू!"

"मी थांबले नाही?" सरूताई रडायलाच लागली. तेवढ्यात त्या गोऱ्याने हॉलचे दिवे घालवले. चौकोन काळा.

आणि आपले लोक! सिंगापूरहून कोणीतरी म्हणतं, "मावशी, आता आलोच आहोत तर एक होऊन जाऊ दे की!"

बाळाबाईंनी गजरा काढून मांडीवर ठेवला. "नवऱ्याच्या अंगाला हलद नाय, मंग कोनाला गाऊ? कॅमेऱ्याला?"

अंकुरने तोवर फोनमध्ये ऑकलंडचं घड्याळ बघितलं होतं. रात्रीचे सव्वाआठ. वायरी गुंडाळायला लागला तर टोक सापडेना. कोणी त्याला काही विचारलंच नाही, हेतल, तेच तर वाईट! चांगुणाबाई म्हणाल्या, "परदेशात गेली की पोरी बदलतात गो." म्हातारीने मान हलवली. आणि उठली, गुडघे धरत आत गेली, ताटात वडे आणि रस्सा घेऊन आली, अंकुरसमोर ठेवलं.

"जेव रं. सकालपासून राबतोयस. तुजी काय चूक? माजीच पोर उतावली."

त्याने वडा तोडला. घास तोंडात फिरतोय, फिरतोय, खाली उतरत नाही. त्याला वाटलं, गप्प बसलो तर निभावतंय. कोणाला कळणार नाही. पण समोर म्हातारी लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होती, तेही त्याला दिसू नये म्हणून तोंड फिरवून.

"आजी," भरल्या तोंडानेच बोलला तो. "सरूताई उतावळी नव्हती. टाइम मी चुकवला. ती वेळेवर येऊन बाहेर उभी होती. ते फोन पण ती वेळ झाली म्हणूनच करत होती. मीच कापले."

बाळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग वाकल्या आणि त्याच्यासमोरचं ताट उचलून आत घेऊन गेल्या.

अर्धा वडा हातात धरून बसला होता गं तो! खावा की ठेवावा, आणि ठेवावा तर कुठे?

आतून मग बोलणं ऐकू आलं. "सरू... नाय गो, रडू नको... अगो, तो अंकुऱ्या, त्याची अक्कल..." आधी दोघी रडल्या. मग हसल्या. हसल्या त्या चांगल्या अर्धा तास, आणि मध्ये मध्ये याचंच नाव! अंकुर ओटीवर बसून सगळं ऐकत होता. उठून जायची हिंमत नाही, आत जायची तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. ना स्टँड, ना माइक, ना लिंक. सरूताईने साधा फोन लावला आणि म्हणाली, "आई, आम्ही मांडवात आलो, तू गा." बस्स! म्हातारी गायली. काय गायली गं! फोन अंकुरने धरायचा होता. पण बटणाला बोट लावायचं नाही, अशी सक्त ताकीद. दोन्ही तळहातांवर फोन ठेवून उभा होता, देवळात ताम्हण धरून उभं राहावं तसा. सगळी गल्ली तोंडावर पदर धरून हसत होती.

इथे संपलं असतं तर ठीक होतं. पण संध्याकाळी ग्रुपवर सरूताईने लिहिलं, "कालचा गोंधळ आमच्या हॉलच्या घाईमुळे झाला. अंकुरने फार मेहनत घेतली. त्याचे आभार." खाली टाळ्याच टाळ्या, शंभराच्या वर! आणि लंडनच्या चंदाताई: "अंकुर, माझ्या मुलीचं डोहाळजेवण आहे. वेळ तूच ठरव बाबा, दुसऱ्या कोणावर विश्वास नाही!"

तेव्हापासून तो ग्रुपच्या मेसेजच्या चौकटीत टाइप करतोय. 'सरूताई मला वाचवतेय, चूक माझीच होती.' लिहितो, पुसतो. लिहितो, पुसतो. तिकडे दोनशे जणांना सगळा वेळ 'अंकुर टाइप करतोय' दिसतंय, आणि त्यांना वाटतंय, पोरगा डोहाळजेवणाचा हिशोब करतोय!

आता तूच सांग हेतल, त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?