मुंगूसबाईंचा जादा अर्धा तास

एका जंगलात, मुलांनो, पिलांची एक शाळा होती. नेमकं कोणतं जंगल, ते मला खात्रीने सांगता येणार नाही. शाळेत एकच विषय होता: साप ओळखणे. शिक्षकाची जागाही एकच होती.

भिवराबाई नावाची मुंगूस तिथे तीन वर्षं तात्पुरती शिकवत होती. त्या तीन वर्षांत एकही पिलू सापाने खाल्लं नाही. मग जागा कायमची भरायची ठरली आणि परीक्षा झाली.

पूर्वी बिळातल्या प्राण्यांना शाळेच्या दारातूनच हाकलत. म्हणून त्यांच्यासाठी काही जागा राखल्या होत्या. त्यांचे डोळे उन्हात दिपतात, म्हणून पेपरला अर्धा तास जादा मिळे. नियम चांगला होता. निदान मला तरी अजून तसंच वाटतं.

भिवराबाईंना त्र्याण्णव गुण मिळाले. त्या पहिल्या आल्या. दुसऱ्या आलेल्या नागोबांना एक्केचाळीस.

नेमणूक नागोबांची झाली.

भिवराबाई भरतीप्रमुख करकोचेसाहेबांकडे गेल्या. साहेब एका पायावर उभे राहून यादी वाचत होते.

"साहेब, पहिली मी आले."

"आलात ना. अभिनंदन. पण जागा खुली आहे, आणि तुम्ही अर्ध्या तासाची सवलत घेतलीत. सवलत घेणाऱ्याला खुली जागा मिळत नाही."

"मी ती वापरलीच नाही. पेपर वेळेआधी देऊन घरी भाकरी थापायला गेले होते."

"वापरली नसेल. मिळाली होती. ही बघा तुमची सही."

"मग बिळवाल्यांच्या राखीव जागेवर घ्या."

"घेऊ की. पाळीच्या यादीत ती नववी आहे. आधी आठ शिक्षक लागून जाऊ देत."

"शाळेत शिक्षक एकच असतो, साहेब."

"म्हणून तर यादी हळू सरकते, बाई."

"नागोबाही बिळातच राहतात."

"राहतात. पण ते त्यांनी खणलेलं नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. खणल्याचा दाखला नाही, सवलतीचा अर्ज नाही. इतका स्वच्छ खुला उमेदवार मी पाहिला नाही."

"साहेब, तो साप आहे."

"विषयाचं ज्ञान आहे म्हणा की," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाय बदलला.

नागोबा रुजू झाले. वर्गात कमालीची शांतता असे. तपासणीला आलेल्या सांबरांनी शेरा लिहिला: 'शिस्त उत्तम.' आरंभी पटावर बावीस पिलं होती. पावसाळ्यापर्यंत चौदा उरली. भिवराबाईंनी आपली दोन्ही पिलं काढून घेतली, तेव्हा त्यांना मुलं शाळेत न पाठवल्याबद्दल नोटीस आली. दिवाळीपर्यंत पट चारवर आला.

कचेरीने याची गंभीर दखल घेतली. दहापेक्षा कमी पट असलेली शाळा चालवता येत नाही, म्हणून शाळा बंद केली. नागोबा अतिरिक्त ठरले. कायम शिक्षकाला घरी बसवता येत नाही, म्हणून त्यांना नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत सामावून घेतलं. तिथे पट तीनशेचा होता.

भिवराबाईंना पत्र आलं की पाळीच्या यादीत त्यांची जागा आता आठवी आहे.

तात्पर्य: शिक्षकाची नेमणूक नियमाप्रमाणे झाली असेल, तर पिलं कुठे गेली हे विचारू नये. माझं चुकत असेल, तर मोठ्यांना विचारून घ्या. ते सगळे नदीपलीकडच्या शाळेत प्रवेशाच्या रांगेत उभे आहेत.