कुदळ ज्याच्या हाती, त्यानेच बोलावे

काळजी एकट्याने केली तर वाया जाते. गटाने केली तर तिची नोंद होते. मुरबाड तालुक्यातल्या करवंदवाडीला हे उशिरा, म्हणजे २००८ साली कळलं. म्हशाच्या जत्रेहून माणसं परतली त्या सकाळी सकुबाई उंबराखालच्या झऱ्यावर गेली आणि रिकामा हंडा घेऊन आली. झरा गेला होता.

धाकलूला कारण ठाऊक होतं. दरवर्षी जत्रेआधी त्याची बायको रखमी झऱ्यातला गाळ काढायची. पहिली कुदळ तिची, मग वाडीची, अशी रीत. भादव्यात रखमी गेली. कुदळ कुडाला टेकलेली राहिली. धाकलूला तिला हात लावणं जमलं नाही, आणि पहिली पडल्याशिवाय दुसरी कोणी मारली नाही.

महिन्याभरात शहापूरहून एका संस्थेच्या समीक्षा मॅडम आल्या. जगाचं तापमान वाढतंय, ऋतू बिघडलेत, असं त्यांनी सांगितलं. (ते खरंच होतं. धाकलूनेही मान डोलावली.) त्यावर ‘हवामान-चिंता संवाद गट’ स्थापन झाला. दर गुरुवारी, सावलीसाठी झऱ्याभोवतीच गोल बसून. प्रत्येकाने आपली चिंता एक ते दहा अशा आकड्यात सांगावी. दुसऱ्याच्या चिंतेत बोलू नये. उपाय सुचवू नये. त्याने मन मोकळं व्हायला अडथळा येतो. चहा मिळेल. (त्याचं पाणी नदीवरून, दीड तासाची चाल. ते आणायला गेलेल्या बायका गैरहजर मांडल्या.)

पहिल्या बैठकीत धाकलू म्हणाला, “रखमी नाय.”

मॅडमनी हळूच विचारलं, “दादा, हवामानाबद्दल काही?”

“अरे धाकल्या, आकडा सांग नं! च्या निवला,” सकुबाई म्हणाली.

धाकलूने नऊ सांगितले. तक्त्यात रखमीसाठी रकाना नव्हता, म्हणून ते ‘तापमानवाढ’खाली गेले.

वैशाखापर्यंत अकरा बैठका झाल्या. सरासरी चिंता ४.२ वरून ७.९ वर गेली, म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के प्रगती. बसणाऱ्यांच्या पायांनी काठची माती झऱ्यात आणखी सरकली. तिची नोंद ‘निसर्गाशी जवळीक’ अशी झाली.

बाराव्या गुरुवारी धाकलूने कुदळ उचलली. आठ महिन्यांनी. तो येऊन गोलाच्या मधोमध उभा राहिला.

“मॅडम, ही रखमीची. गाळ काढाला आनलीय.”

मॅडमचे डोळे भरून आले. (प्रामाणिकपणे.) किती सुंदर प्रतीक, असं त्या म्हणाल्या, आणि नियम ठरला: कुदळ ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचं. बोलून झालं की शेजाऱ्याला द्यायची. जमिनीला लावायची नाही.

“एकदाच लावू का?” धाकलूने विचारलं.

हे उपायात मोडत असल्याने चर्चेला घेतलं नाही.

हातोहात फिरून दांडा आता गुळगुळीत झालाय. रखमीच्या बोटांनी त्यावर पडलेली खोलगट जागा होती, ती गेली. धाकलूचा आकडा दहा झाला; टाळ्या वाजल्या.

आपण इथवर ऐकून घेतलंत, म्हणजे कुदळ आता आपल्या हाती आली आहे. आपला आकडा सांगा आणि पुढे द्या.

गाळ अजून काढायचा आहे.