मत्सरदाता: शलाका भोईटे

कराडच्या अलीकडं हायवेला लागून असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी बनवलेली यंत्रं विजेवर चालत नसत, वर्गातल्या कुणाच्या तरी मत्सरावर चालत. पहिली दोन वर्षं नेहमीसारखी जायची. सहाव्या सेमिस्टरला ‘उद्योजकता आणि नवोन्मेष’ हा विषय लागला, की कार्यशाळेतल्या प्लगवर चिकटपट्टी लावली जाई. ज्या वस्तूचा कुणाला हेवा वाटत नाही तिला गिऱ्हाईक मिळत नाही, असं विषय शिकवणारे उमराणी सर सांगत आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

शलाका भोईटे मिरचीची देठं खुडायचं यंत्र चौदा महिने बनवत होती. तिची आई कांडपाच्या गिरणीत मिरच्या निवडायला जायची, आणि संध्याकाळी तिचे हात इतके भगभगायचे की भाकरी थापायला बसण्याआधी तिला ते घटकाभर ताकात बुडवून ठेवावे लागत. शलाकानं अशा एकसष्ट बायकांना विचारून तक्ते केले होते. दातेरी रूळ स्वतः लेथवर कातले होते. यंत्र देखणं झालं होतं आणि जागचं हलत नव्हतं. कारण साधं होतं, तिच्यावर कुणी जळत नव्हतं. मुलं यायची, रुळावरून बोट फिरवायची, ‘भारी केलंयस गं’ म्हणायची आणि अगदी मनापासून म्हणायची. कौतुकावर साधा स्क्रू फिरत नाही, हे तिला त्या वर्षी कळलं.

सारंग थोरवेनं भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र तीन आठवड्यांत उरकलं. सायकलचं चाक, पिठाच्या चाळणीची जाळी, बाकी नुसता पत्रा. असली यंत्रं बाजारात ढिगानं आहेत. पण हा गडी शेंगा खात खात काम करायचा, सरांशी गप्पा मारायचा, आणि सर त्याच्या बाकापाशी अर्धा अर्धा तास रेंगाळायचे. शलाकाच्या बाकापाशी ते ‘छान, छान’ म्हणून पुढं जात. हे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि पलीकडं सायकलचं चाक फिरायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सारंग एक कागद घेऊन मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकापाशी आला.

“जोडणीचा अर्ज आहे,” तो म्हणाला. “काल मोजणी झाली. दाब तुझ्याच बाजूनं येतोय. मत्सरदात्याची सही लागते.”

“दुसरं कुणी नाही का?”

“सगळा वर्ग तपासला. दोघांचा थोडाफार येतो, पण दुपारचं जेवण झालं की त्यांचा बंद पडतो. तुझा सलग आहे.” तो जरा अवघडला. “मला बरं नाही वाटत, खरंच. पण तुझ्यावर यंत्र फार छान चालतं.”

शलाकानं सही केली आणि आधारकार्डाच्या झेरॉक्सवर लिहितात तसं खाली लिहिलं, ‘फक्त शैक्षणिक कामासाठी’. दुसऱ्या दिवशी त्याच्या यंत्रावर पितळी पाटी ठोकलेली होती: ‘मत्सरदाता: शलाका भोईटे’. येणारा-जाणारा ती वाचायचा आणि मग मान वळवून तिच्याकडं बघायचा. बघितलं की चाकाचा वेग वाढायचा. खोटं कशाला सांगायचं, तिला ते यंत्र उचलून कृष्णेत फेकून द्यावंसं वाटत होतं.

ती उमराणी सरांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, मला जोडणी तोडायची आहे.”

“चालू सेमिस्टरमध्ये तोडता येत नाही,” सरांनी चष्मा पुसत सांगितलं. “पण तुम्ही जळत नाही असं प्रतिज्ञापत्र दिलंत, तर पडताळणी करता येईल.”

पडताळणी लगेच झाली. शलाका यंत्रासमोर उभी राहिली आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे म्हणाली, “सारंगच्या यशाचा मला आनंद आहे.” चाक इतक्या जोरात सुटलं की टरफलं सरांच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसली. सरांनी अर्जावर ‘नामंजूर’ लिहिलं.

“परीक्षेला तुमचं यंत्र दहा मिनिटं चालायला हवं,” ते म्हणाले. “नाही चाललं तर विषय राहील. आणि उद्योग कक्षाची खोली एकाच प्रकल्पाला मिळते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या खोलीत विजेची जोडणी आहे.”

ती खोली शलाकाला हवी होती. खोली मिळाली तर यंत्र विजेवर चालवून गिरणीपर्यंत नेता येणार होतं. नाही मिळाली तर भंगारात, आणि आईचे हात तसेच. तेव्हा तिनं कंबर कसली. नवे बूट घालून ती वर्गाच्या पुढच्या दारानं दोनदा आत आली. पुण्याच्या कंपनीतून फोन आला होता, असं तिनं जेवणाच्या रांगेत मोठ्यानं सांगितलं. तिची खोलीतली मैत्रीण रुक्साना मुलाणी, जी स्वतः चार ठिकाणांहून नकार घेऊन बसली होती, ती ऐकून म्हणाली, “तुझं होणारच होतं गं,” आणि आपल्या ताटातली जिलेबी तिच्या ताटात वाढली. शलाकाला रडू आलं. मिरचीचं यंत्र ढिम्म होतं.

परीक्षेला बाहेरून होनराव नावाचे गृहस्थ आले. त्यांचे स्वतःचे दोन कारखाने होते आणि ते फार कमी बोलत. सारंगच्या यंत्रात त्यांनी मूठभर शेंगा टाकल्या. दाणे अख्खे आले. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, खाली वाकून पाटी वाचली आणि सरळ शलाकाच्या बाकापाशी आले.

“हे तुम्हीच का?”

“हो.”

“किती दिवस देताय?”

“अकरा आठवडे.”

“मध्ये खंड?”

“नाही. झोपेतसुद्धा चालू असतं, असं वॉचमन सांगतात.”

होनरावांनी हात मागं बांधले. “तीस वर्षांत असा पुरवठा बघितला नाही,” ते सावकाश म्हणाले. “शेंगांचं यंत्र कुणीही करेल. हे कुणाला जमायचं नाही. सर, खोली या मुलीला द्या.”

सारंग हातात टोपली घेऊन उभा होता. तो हसला, ‘अभिनंदन’ म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याच वेळी शलाकाच्या बाकावर कट् असा आवाज झाला. एक देठ खाली पडलं. मग दुसरं. मग रूळ एकमेकांत गुंतून फिरू लागले आणि देठं सरसर ट्रेमध्ये पडायला लागली. शलाका ट्रेवर वाकली. चौदा महिन्यांत तिनं हे फक्त मनात बघितलं होतं. तिला इतका आनंद झाला की सारंगचं नावही तिच्या डोक्यात उरलं नाही, आणि पलीकडं सायकलचं चाक हळू होत थांबलं.

“तुमची सहा मिनिटं झाली,” होनराव घड्याळ बघत सारंगला म्हणाले. “चार राहिली.”

“हो, सर.”

“या बाईंच्या यंत्राला दाता तुम्हीच दिसता. सही लागेल.”

उमराणी सरांनी अर्ज पुढं केला. शलाकानं मान खाली घातली. आता तो नाही म्हणेल, पडताळणी मागेल, असं तिला वाटत होतं. सारंगनं टोपली खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि उभ्याउभ्या सही करून टाकली.

“जळतोय मी हिच्यावर,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “जाम जळतोय. रात्री जेवण जायचं नाही मला.” आणि तो खळखळून हसला. सगळा वर्ग हसला, सरही हसले, होनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

शलाका त्याच्याकडं बघत राहिली. इतकं सोपं होतं ते. हे आपल्याला का बोलता येत नाही, याला कसं येतं, आणि वर लोक याच्यावर खूश कसे होतात, असं तिच्या मनात आलं आणि छातीत चरचरलं.

पलीकडं सायकलचं चाक फिरू लागलं.

होनरावांनी दोन्ही यंत्रांपुढं ‘चालू’ असं लिहिलं आणि पुढच्या बाकाकडं वळले.