चौदावा नियम

१९८७ सालची गोष्ट. त्या काळी हायस्कुलात मानसशास्त्र शिकवतात असं सांगितलं की लोक आवाज खाली आणून विचारत, "म्हणजे मुलांना काही त्रास आहे का हो?" हा विषय शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात तेवीस मुलं होती. वीसच्या खाली आकडा गेला की वर्ग बंद, असा शिक्षण कार्यालयाचा शिरस्ता होता, आणि हेडमास्तर त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. त्यांना त्या खोलीत टंकलेखनाचा वर्ग काढायचा होता. तसं झालं असतं तर बाईंच्या नशिबी वाचनालयात बसून पुस्तकांना पुठ्ठे घालणं होतं. अकरा वर्षं अर्जविनंत्या करून मिळवलेला वर्ग होता तो.

वर्ष सुरू झालं तसं हेडमास्तरांनी फर्मान काढलं. प्रत्येक विषयाची 'अपेक्षा आणि नियम' अशी पत्रिका निघाली पाहिजे. खाली पालकांची सही आणि स्वतः हेडमास्तरांची सही. पुढच्या शनिवारपर्यंत जमा.

"ज्याची सही नाही, तो वर्गात नाही," हेडमास्तर म्हणाले. "आणि बाई, पान भरलेलं हवं हं. अर्धं पान रिकामं असलं की शिस्तही अर्धीच वाटते."

रविवारी दुपारी बाई टाइपरायटरला प्रती काढायचा स्टेन्सिल लावून बसल्या. वर्गात कुणी घरचं काही सांगितलं तर ते वर्गाबाहेर नेऊ नये. धाकट्या भावंडांवर प्रयोग करू नयेत. आईवडिलांना पुस्तकातल्या रोगांची नावं ठेवू नयेत. 'माझ्या सुप्त मनाने गृहपाठ विसरायला लावला' ही सबब चालणार नाही. असे तेरा नियम झाले आणि पान दोन ओळींनी उरलं.

धाकटी बहीण पलीकडे लोकरीचा गुंता सोडवत होती. ती म्हणाली, "ताई, उगाच डोकं शिणवू नकोस. वाचतंय कोण?"

"पालक वाचतील की."

"वाचतील! सिनेमाचं तिकीट तरी वाचतात का? त्या दोन ओळींत तू काहीही लिही, सही येते की नाही बघ."

बाईंचे डोळे चमकले. वर्षाचा पहिला प्रयोग आयताच चालून आला होता. माणसं न वाचता सही करतात, हे सह्या आल्यावर सोमवारी मुलांना पुराव्यानिशी दाखवता येणार होतं. त्यांनी टाइप केलं : 'चौदा. दर शुक्रवारी बाई व मुख्याध्यापक एका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला येतील. जेवणानंतरची भांडी मुख्याध्यापक घासतील.'

शनिवारी तेवीसच्या तेवीस पत्रिका सह्यांसकट परत आल्या. एका वडिलांनी तर उत्साहाच्या भरात दोनदा सही केली होती. हेडमास्तरांनी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तेवीस सह्या ठोकल्या, आणि तेवढ्यात फोनवर कुणाला तरी बजावलं, "वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे माझं तत्त्व आहे."

सोमवारी तास घेण्याआधी त्यांच्या कानावर घालावं म्हणून बाई केबिनमध्ये गेल्या.

"सर, त्या पत्रिका..."

"गेल्या!" हेडमास्तर खूश होते. "सकाळीच शिपायाबरोबर शिक्षण कार्यालयात धाडल्या. वर लिहिलंय, प्रत्येक नियम मी जातीने तपासला आहे. आता एका पत्रिकेत जरी खोट निघाली, तर तुमचा वर्ग बंद. मग मला बोल लावू नका. हं, काय म्हणत होता?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

प्रयोग त्यांनी पोटातच ठेवला. तो तिथेच राहिलाही असता. पण त्यांच्या एका विद्यार्थिनीचे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर इतरांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा तो शेवटपर्यंत वाचायचा. मंगळवारी तो थेट केबिनमध्ये हजर झाला. नेमके तेव्हा शिक्षण कार्यालयाचे तपासनीस तिथे चहा घेत होते, आणि बाई हजेरीपट दाखवायला उभ्या होत्या.

"पत्रिकेत सहाव्या नियमात स्वल्पविराम जास्त पडलाय," मुद्रितशोधक म्हणाला. "बाकी सगळं मंजूर. फक्त आमच्याकडे कुठल्या शुक्रवारी येताय ते सांगा. आमची ही विचारतेय, भांडी घासायला राख चालेल की साबणच लागेल?"

बाईंनी हजेरीपट छातीशी धरला.

"कसली भांडी?" हेडमास्तरांनी विचारलं.

मुद्रितशोधकाने खिशातून स्वतः उतरवून घेतलेली प्रत काढून चौदावा नियम खणखणीत आवाजात वाचला. हेडमास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की बाईंनी मनातल्या मनात पुठ्ठे कापायला घेतले.

तेवढ्यात तपासनिसांनी कप खाली ठेवला. "वा! मुख्याध्यापक पालकांच्या घरी जातात, भांड्याला हात लावतात! मी एकवीस शाळा तपासतो, पण हे कुठे पाहिलं नाही. कल्पना कुणाची?"

हेडमास्तर कात्रीत सापडले. न वाचता सही केली म्हणावं तर तत्त्व जात होतं, आणि वाचून केली म्हणावं तर हात ओले होत होते.

"माझीच," ते म्हणाले. "बाईंनी फक्त टाइप केलं."

"मग पहिल्या शुक्रवारी मीही येतो!"

पहिल्या शुक्रवारी मुद्रितशोधकाच्या स्वयंपाकघरात हेडमास्तर बाह्या सरसावून मोरीशी बसले. तपासनीस स्टूल घेऊन कौतुकाने बघत होते. मुद्रितशोधकाने धुतलेली ताटली उजेडात धरली.

"कडेला राहिलंय, सर."

"कुठे?"

"हे काय, इथे. आणि या पातेल्याचा तळ परत घ्या."

बाई दारात उभ्या राहून पदराने तोंड झाकत होत्या. घरची मालकीण हळहळली, "अहो, राहू द्या ना त्यांना!" पण तपासनीस म्हणाले, "नाही वहिनी, नियम म्हणजे नियम."

असे तेवीस शुक्रवार झाले. आठव्या घरापर्यंत हेडमास्तर करपलेला तळ आधी भिजत घालायला शिकले. बाराव्या घरी त्यांनी स्वतःहून घासणी मागितली. वाकून भांडी घासणाऱ्या माणसाला लोक भीत नाहीत. मुलगी रात्री का रडते, मुलगा बापाशी का बोलत नाही, असं केबिनमध्ये कधी न सांगितलेलं पालक मोरीशी सांगू लागले. एकदा परतताना हेडमास्तर अचानक म्हणाले, "बाई, हे तुमच्या पुस्तकात असतं का हो?"

"पाचव्या धड्यात."

"मग तो धडा जरा सावकाश शिकवा."

टंकलेखनाचा वर्ग शेवटी व्हरांड्यात भरला. पुढच्या वर्षी मानसशास्त्राला एकसष्ट मुलं आली. बाईंनी त्याच खोलीत आणखी एकोणीस वर्षं शिकवलं, पण नोकरी संपेपर्यंत पुन्हा प्रयोगाच्या वाटेला गेल्या नाहीत. तपासनिसांनी त्या उपक्रमाचा अहवाल स्वतःच्या नावाने वर पाठवला आणि बढती घेतली. मग सगळ्या शाळांना परिपत्रक गेलं, आणि कित्येक हेडमास्तरांनी ही कल्पना काढणाऱ्याला, म्हणजे नकळत बाईंनाच, शिव्या घातल्या. मुद्रितशोधकाची मुलगी मानसोपचारतज्ज्ञ झाली. तिचं पहिलं पुस्तक बापाने तपासलं, तेव्हा तिच्याशी तो महिनाभर बोलत नव्हता.

हेडमास्तर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्या पत्नीला पहिल्यांदाच शाळेत बोलावलं होतं. भाषणं झाली. तेवीस शुक्रवारांची गोष्ट सांगितली गेली, टाळ्यांचा कडकडाट झाला. ती माउली मात्र टाळी न वाजवता नवऱ्याकडे बघत राहिली. मग शेजारी बसलेल्या बाईंकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "तुम्ही मानसशास्त्राच्या ना? मग मला एक सांगा. साबणाने हातावर पुरळ उठतं म्हणून या माणसाने चौतीस वर्षं घरात चहाची कपबशी विसळली नाही. हा कुठला आजार?"

बाईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं. ते हारांच्या आडून हात जोडत होते.

"बरा होण्यासारखा आहे," बाई म्हणाल्या. "आजपासूनच सुरुवात करा."