बाजूच्या सीटवरचं वजन

दातांच्या डॉक्टरांची दोन सीटची स्पोर्ट्स कार घरात राहणार की जाणार, हे आता सासूबाईंच्या कमरेवर अवलंबून होतं. बायकोनं जेवताना शांतपणे सांगून टाकलं होतं. आठवड्यातून दोनदा सासूबाईंना कमरेच्या व्यायामाला न्यायचं ते याच गाडीतून, आणि गाडी अशी कडक की जाताना बरी असलेली कमर येताना धरायची.

"आणखी एकदा आईची कमर धरली, की गाडी माझ्या मावसभावाची," बायको म्हणाली. "त्यानं विचारून ठेवलंय."

डॉक्टरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. महिन्यातून एक रविवार ते ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवत. बाकीचे एकोणतीस दिवस लोकांच्या अक्कलदाढा उपटण्यात जात, तेही त्या एका रविवारच्या जोरावर. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी उस्तादांच्या गॅरेजमध्ये नेली. उस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवायला लागत असावं. त्यांनी तोडगा काढला. नवं सस्पेन्शन टाकायचं, ज्याच्या शॉक ॲब्सॉर्बरला नॉब असतो. मागे फिरवला की रस्त्यासाठी मऊ, पुढे फिरवला की ट्रॅकसाठी कडक. डॉक्टरांना एका दगडात दोन पक्षी पडलेले दिसले.

नवे शॉक्स आणि स्प्रिंगा बसल्या. उरलं फक्त वजन जुळवणं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, चालवणाऱ्याला आत बसवायचं आणि स्प्रिंगा वरखाली करून भार सारखा वाटायचा. डॉक्टर त्या दिवशी व्यायामाहून परस्पर आले होते, म्हणजे सासूबाई सोबत होत्या. गॅरेजमधल्या एकुलत्या स्टुलाला तीनच पाय धड होते. सासूबाईंनी स्टुलाकडे एकदा पाहिलं, आणि गाडीत डॉक्टरांच्या बाजूच्या सीटवर जाऊन पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

त्यांना उठा कोण म्हणणार? उस्तादांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी उस्तादांकडे, मग दोघांनी काट्यांकडे.

"चालू द्या तुमचं," सासूबाई म्हणाल्या. "फक्त आकडे मोठ्यानं वाचायचे नाहीत. लिहूनही ठेवायचे नाहीत."

"नाही वाचणार, आजी," असा उस्तादांनी शब्द दिला आणि पाळला. मनातल्या मनात आकडे वाचत त्यांनी तासभर स्प्रिंगा जुळवल्या. परतताना गाडी सगळ्या गतिरोधकांवरून अलगद गेली आणि सासूबाई घरापर्यंत काहीच बोलल्या नाहीत. त्या घरात हे पहिल्या वर्गात पास होण्यासारखं होतं.

शनिवारी सरावासाठी डॉक्टर एकटेच ट्रॅकवर गेले. नॉब कडक केले, हेल्मेट घातलं आणि निघाले. डावीकडे गाडी शहाण्यासारखी वळली. उजवीकडे मात्र ती सरळ गवतात गेली. दुसऱ्या फेरीतही तेच झालं. त्यांनी गवतातूनच उस्तादांना फोन लावला.

उस्तादांनी गाडी कुठं वळते नि कुठं नाही, ते नीट विचारून घेतलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "ती आजींना शोधतेय."

एकट्यासाठी पुन्हा जुळवून द्या म्हणावं, तर रस्त्यावर सासूबाई बसल्या की त्यांच्याच बाजूचं चाक आदळणार आणि गाडी मावसभावाच्या दारात उभी राहणार. उस्तादांचं म्हणणं साधं होतं. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालणारी गाडी हवी असेल, तर दोन्हीकडे बाजूच्या सीटवर आजींएवढंच वजन बसायला हवं. ते वजन किती, हे मात्र ते सांगेनात. दिलेल्या शब्दाखातर त्यांनी आकडा डोक्यातूनही पुसून टाकला होता म्हणे. डॉक्टरांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, खुशाल विचारा आईला, फक्त मी बाहेर गेल्यावर विचारा.

शेवटी डॉक्टरांनी अंदाजपंचे कारभार केला. दहा-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या आणल्या आणि रविवारी सकाळी त्या बाजूच्या सीटवर रचायला घेतल्या. सात झाल्या. आठवी ठेवून पट्टा आवळताना मागे सासूबाई उभ्या असल्याचं त्यांना जाणवलं.

"हे काय आहे?"

"वाळू, आई."

"वाळू दिसतेय मला. कोण आहे, ते विचारतेय."

रोज वीस जणांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगणाऱ्या माणसाला त्या क्षणी एकही थाप सुचली नाही. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. सासूबाईंनी एकेक पिशवी मोजली.

"दोन काढा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी दोन काढल्या. सासूबाईंनी उरलेल्या ढिगाकडे मान तिरकी करून पाहिलं. "राहू दे. बाकीच्याही काढा. मीच येते."

ट्रॅकवर हेल्मेट घालून कुणालाही सोबत बसता येत होतं. पहिल्याच फेरीत गाडी दोन्हीकडे सारखी वळली आणि डॉक्टरांना अगदी भरून आलं. दुसऱ्या फेरीत सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "वळणात शिरल्यावर काय ब्रेक मारता? आधी मारा, मग सोडा आणि वळा." डॉक्टरांनी नाइलाजानं ऐकलं. त्या फेरीला चार वर्षांत लागला नव्हता इतका कमी वेळ लागला.

घरी बायकोनं आधी कमरेचं विचारलं.

"कमरेला काय धाड भरलीय," सासूबाई म्हणाल्या. "आणि गाडी विकायची नाही. तुझ्या मावसभावाला सांगून टाक."

डॉक्टरांना त्या रात्री फार छान झोप लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सासूबाई आपल्या बाजूच्या आहेत असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

बुधवारी उस्तादांनी त्यांना दवाखान्यातून बोलावून घेतलं. गाडी पुन्हा चार काट्यांवर चढवलेली होती. सासूबाई आधीच आत बसल्या होत्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्या लायसन्सची मुदत अजून चार वर्षं होती. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"ट्रॅकच्या पुढच्या रविवारपासून आजी चालवणार," उस्तादांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. "बसा, डॉक्टर."

डॉक्टर क्षणभर उभे राहिले. मग मावसभाव आठवला आणि ते निमूटपणे बसले. सासूबाईंनी आपली पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आता हलू नका," उस्ताद काट्यापाशी वाकून म्हणाले. "तुमचं तेवढं वजनाचंच काम आहे."